पिकअप घेताना जुनी गाडी का अडखळते?

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मोंढ्याच्या आसपास नजर टाकली, तर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरवर चालणारी मारुती ८००, एखादी पद्मिनी आणि कितीतरी जुन्या मोटारसायकली आजही उभ्या दिसतात. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराविषयीची भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. नव्या मोटारींतून तो त्याच्या बराच आधी गेला होता. या गाड्या मात्र अजून शेतावर जातात, रुग्णाला दवाखान्यात नेतात, लेकरांना शाळेत पोचवतात. म्हणून त्यांच्या एका नेहमीच्या तक्रारीविषयी आज बोलायचे आहे. गाडी एका जागी उभी असताना इंजिन व्यवस्थित चालते, संथ वेगातही काही जाणवत नाही, परंतु अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर दबते, गचका देते, कधी कार्बोरेटरच्या तोंडातून फटका मारते आणि मगच वेग घेते.

अशा वेळी बहुतेकांचा हात सर्वप्रथम कार्बोरेटरच्या मिक्श्चर स्क्रूकडे जातो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की त्या स्क्रूला शेवटपर्यंत हात लावू नये. तो मुख्यतः इंजिन संथ चालत असतानाचे मिश्रण ठरवतो. तो फिरवून गचका थोडासा झाकला जातो, पण मूळ दोष तसाच राहतो, आणि पुढच्या मिस्त्रीला गाडीची पूर्वीची स्थिती कधीच कळत नाही.

अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की थ्रॉटलची झडप उघडते आणि हवा तत्क्षणी आत धावते. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्याने ते मागे राहते. त्याच क्षणी इनटेक मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीतली, निर्वात ओढ कमी होते, त्यामुळे पेट्रोलचे बाष्पीभवन मंदावते आणि त्याचा काही भाग नळीच्या भिंतींना चिकटतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण मानले जाते. वेग घेताना इंजिनाला याहून अधिक पेट्रोल लागते, आणि नेमके तेव्हाच ते कमी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी मोटारींच्या बहुतेक कार्बोरेटरांत अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो. थ्रॉटलच्या दांडीला जोडलेला हा छोटा पंप त्या क्षणी पेट्रोलची एक धार आत सोडतो.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी करावी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या कप्प्यात पेट्रोल असल्याची खात्री होते. एअर फिल्टर काढावा आणि टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटलची दांडी हाताने हलवावी. जवळ बिडी, काडेपेटी किंवा कोणतीही ज्योत असता कामा नये. दांडी हलताक्षणीच बारीक नळीतून सरळ, ठळक धार आली पाहिजे. धार उशिरा येत असेल, तर जोडदांडीची भोके झिजून ढिली झाली आहेत किंवा पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, कडक झाला आहे असे समजावे. धार मुळीच येत नसेल, तर डायफ्राम फाटलेला असतो, नळीत कचरा असतो किंवा आतली छोटी गोळी चिकटून बसलेली असते. अनेकदा हा दोष एका डायफ्रामच्या किटने दूर होतो आणि अख्खा कार्बोरेटर बदलण्याचा खर्च वाचतो.

धार चांगली असेल तर पुढचा साधा प्रयोग चोकचा आहे. चोक हवा अडवून मिश्रणातले पेट्रोल वाढवतो. इंजिन गरम असताना, मोकळ्या रस्त्यावर, चोक अगदी थोडा ओढून गाडी चालवून पाहावी. गचका कमी झाला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. म्हणजे जेटमध्ये, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा आहे, फ्लोटची पातळी खाली आहे किंवा गाडी कुठून तरी हवा घेत आहे. कार्बोरेटरखालची पॅकिंग आणि तडकलेल्या रबरी नळ्या यांवर तेव्हा लक्ष द्यावे. उलट गचका वाढला आणि प्लगवर काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त होत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची धूळ इतकी उडते, की एअर फिल्टर तुंबूनही हे घडते.

कार्बोरेटरवर आळ येतो, पण दोष ठिणगीचा निघतो, असेही पुष्कळदा होते. थ्रॉटल उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यास अधिक विद्युतदाब लागतो. हा विद्युतदाब पुरवणारी अशक्त कॉइल, झिजलेला प्लग किंवा तडकलेली केबल संथ चालीत निभावून नेते आणि दाब वाढताच हार मानते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिनाला रेस दिली, तर केबलमधून बाहेर पडणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. ठिणगीसाठी विद्युतप्रवाह तोडणारे पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते; तरी त्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. प्लगांना क्रमाने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या व्हॅक्यूम डायफ्रामची परीक्षा अगदी सोपी आहे. त्याची नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून पुसावी, तोंडाने ओढावी आणि टोक जिभेने बंद करावे. आतली पट्टी सरकली पाहिजे आणि तशीच थांबली पाहिजे. ती परत येत असेल तर डायफ्राम फाटला आहे.

लक्षण केव्हा दिसते, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाय दाबताक्षणी येणारा गचका वेगळा, आणि कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट अर्धा चढल्यावर गाडी दम सोडते ते वेगळे. घाटातली तक्रार बहुधा पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा टाकीतला कचरा यांच्याकडे बोट दाखवते. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केल्यावरच ती अडखळत असेल, तर फ्लोटच्या कप्प्यात किंवा नळीत पेट्रोल उकळून त्याची वाफ झालेली असते. कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड ठोकळा दुरुस्तीत काढून टाकून तिथे नुसती कागदी पॅकिंग बसवलेली नाही ना, हे अशा वेळी जरूर पाहावे.

इंधनाचाही विचार केला पाहिजे. आपल्या उसाच्या पट्ट्यातही इथेनॉल तयार होते, आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून येणारे मिश्रण थोडे अधिक विरळ ठरते. नव्या गाडीचा संगणक ते सावरून घेतो, कार्बोरेटर सावरू शकत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या घडणीचे रबर खराब करते. गावात कॅनमध्ये भरून ठेवलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उष्णतेने उडून जातात, आणि मग गार इंजिन सकाळी हमखास अडखळते.

मोटारसायकलस्वारांसाठी एक सूचना. अनेक मोटारसायकलींच्या कार्बोरेटरमध्ये रबरी डायफ्राम असतो आणि त्याच्यामुळे आतला पिस्टन वर उचलला जातो. तो काढून उजेडासमोर धरावा. सुईएवढे छिद्रही वेग रोखते. त्याला पेट्रोलमध्ये किंवा क्लीनरमध्ये मात्र धुऊ नये, कारण तो फुगतो आणि पुन्हा खाचेत बसत नाही.

हे सर्व पाहून झाल्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना, मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत सफाईने चालेल तिथे थांबवावा. आणि गाडी मिस्त्रीकडे न्यायची असेल, तर गचका इंजिन गार असताना येतो की गरम, पाय दाबताक्षणी की चढावर, चोक ओढल्यावर कमी होतो की वाढतो, एवढे कागदावर लिहून न्यावे.

नमस्कार.