वळवाआधीचं वारं

(दृश्य: सोलापूर, होटगी रोड, मे महिन्यातली दुपार)

हा ढग नीट पाहा. विमानतळाच्या कुंपणाबाहेरून आम्ही तो टिपला. तीन वाजता तळहाताएवढा होता, पाऊण तासात त्याचा डोंगर झाला. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी वर रेटते. असे ढग बारा-तेरा किलोमीटरही गाठतात. प्रवासी विमानं साधारण दहा-अकरा किलोमीटरवरून जातात.

(दृश्य: अक्कलकोट रोड, रंगवलेलं सूत)

बांबूंवर लाल-हिरव्या लडी वाळताहेत. थेंबसुद्धा पडलेला नाही. आणि आता... गार वारं. लडी आडव्या झाल्या, फुफाटा उठला, पत्रे धडधडायला लागले. "उचला, उचला, वळीव आला!"

हे वारं ढगातून पडतं. पाऊस खालच्या कोरड्या हवेत येताना वाटेतच सुकायला लागतो. त्यानं हवा गार होते, जड होते आणि सरळ खाली कोसळते. अंगणात घागर उपडी केल्यावर पाणी पसरावं, तशी जमिनीवर आपटून चहूकडे पसरते.

ही गोष्ट जगाला पटवून दिली जपानमध्ये जन्मलेले हवामानतज्ज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतरचं नागासाकी आणि हिरोशिमा त्यांनी पायी पाहिलं होतं. मधल्या जागेपासून बाहेरच्या बाजूला, चांदणीसारखी आडवी पडलेली झाडं त्यांच्या डोक्यात राहिली. १९७४ मध्ये अमेरिकेत वादळानंतर विमानातून पाहणी करताना तीच चांदणी पुन्हा दिसली. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ ला, न्यूयॉर्कला उतरणारं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान गडगडाटी पावसात पडलं. फुजितांनी नोंदी तपासल्या आणि सांगितलं, ढगातून खाली आलेल्या वाऱ्यानं ते दाबलं. अनेक हवामानतज्ज्ञांना ते पटायला वर्षं लागली.

उतरणारं विमान अशा वाऱ्यात शिरलं की आधी समोरून झोत लागतो. वेगाचा काटा चढतो, विमान उचललं जातं, वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. मग वरून दाब. आणि लगेच तोच वारा पाठीमागून. पंखांना हवा पुरत नाही, विमान बसायला लागतं, आणि खाली तर उंचीच उरलेली नसते. २ ऑगस्ट १९८५, डॅलस, डेल्टाचं १९१ क्रमांकाचं विमान. १३७ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांत या वाऱ्याची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं.

(दृश्य: चहाच्या टपरीतला टीव्ही)

आणि बातमीत काय असतं? वीज. कडाडणारी, लाल अक्षरांतली. विजेचा लोळ छान दिसतो, वारा दिसत नाही, म्हणून. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडतेच, आणि बहुतेक वेळा ती धातूच्या कवचावरून निघून जाते. दुसरा लाडका शब्द 'एअर पॉकेट'. हवेत कुठेही पोकळ खिसा नसतो; वर-खाली धावणारी हवा असते. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये पडलं, तेव्हाही पहिले दिवस विजेचीच चर्चा. २०१२ च्या अंतिम अहवालात निघालं वेगळंच: वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या, आणि मग विमान वैमानिकांच्या ताब्यातून गेलं. तोवर कॅमेरे केव्हाच निघून गेले होते.

सोलापूरकराला हे समजावणं अवघड नाही. सूत गोळा करणाऱ्या त्या बायकांना ढगाखालचं वारं पाठ आहे. बातमीदारानं एवढंच म्हणावं, "वळवाआधी सुटतं ना, तेच वारं." घराघरात कळेल.

(दृश्य: पुन्हा विमानतळ)

जून २०२५ पासून इथून गोव्याला नियमित विमान जातंय. धावपट्टीकडेची ती नारिंगी कापडी पिशवी पाहा, वारा दाखवणारी. ढग आला तेव्हा लोंबत होती. आता फुगून पूर्वेकडे. थांबा, कॅमेरा हलवलेला नाही... आता पश्चिमेकडे.