तांदळाएवढे दात

(दृश्य : वजनकाटा. काट्यावर वाडगा, वाडग्यात पिल्लू.)

820 ग्रॅम. काट्यावरचा आकडा ठरायला जरा वेळ लागतो, कारण वाडग्यातलं लहान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू काही स्वस्थ बसत नाही. कालचा आकडा होता 805, परवाचा 794. पिल्लाला सांभाळणाऱ्या ताईंनी ते कॅलेंडरवर तारखांच्या चौकोनांत लिहून ठेवलेत. नऊ आठवड्यांचं हे पिल्लू रोज सकाळी, पहिलं खाणं मिळायच्या आधी, असं तोललं जातं.

इतकं काटेकोर कशाला? हिशोब सोपा आहे. 30 किलोच्या कुत्र्याचं वजन 40 ग्रॅमनं उतरलं, तर कुणाला पत्ताही लागणार नाही. या पिल्लाचं तेवढंच उतरलं, तर अंगाचा विसावा हिस्सा गेला.

चिहुआहुआ, पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, टॉय पूडल. या लहान जातींच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा अगदी तोकडा असतो. अंगावर मांस नसतं आणि मेंदूला तर साखर सतत लागते. एक जेवण चुकलं, जुलाब झाले, गारठ्यात राहिलं, खेळून खेळून दमलं, की रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. म्हणून दिवसातून चार वेळा खाणं. हा चौथा वाडगा बघा, रात्री दिवा मालवण्याआधीचा. हमखास विसरला जातो तो हाच.

पिल्लू झिंगल्यासारखं चालू लागलं, मान टाकली, थरथरायला लागलं, तर बोटावर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं, उबदार कापडात गुंडाळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

(दृश्य : खिडकीजवळची गादी.)

ही या घरातली थोरली. वय 15 वर्षं. एका डोळ्यात मोतीबिंदू, कान जवळपास गेलेले. पिल्लू तिची शेपटी ओढतंय आणि तिला उठायचं नाहीये.

हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. कुत्र्यांमध्ये मात्र उलटं आहे. मोठ्या अंगाचे लवकर जातात, छोटे मागे राहतात. ग्रेट डेनला आठ-दहा वर्षं मिळाली तरी खूप. लहान जातींची कुत्री नीट सांभाळली तर 12 ते 15 वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतात. 2007 साली शास्त्रज्ञांना या छोट्या आकारामागचा एक मोठा वाटेकरी सापडला, आयजीएफ-1 नावाचा जनुक. पुढे 2022 मध्ये कळलं की आकार लहान करणारा त्यातला बदल माणसानं पैदास करून आणलेलाच नाही. सुमारे 54 हजार वर्षांपूर्वीच्या सैबेरियातल्या एका लांडग्याच्या अवशेषांतही तो होता.

तेव्हा लांब आयुष्याची शिदोरी हे पिल्लू सोबत घेऊनच आलंय. त्यातली शेवटची सहा-सात वर्षं सुखाची जातील का, हे ठरतं पुष्कळसं इथे.

(दृश्य : थोरलीचा ओठ वर केलेला.)

सुळे पिवळसर झालेत. पुढचे दोन दात पडलेत. पण हिरडी बघा. फिकट गुलाबी, दाताला घट्ट धरून. पंधराव्या वर्षी.

आणि हे दुसरं तोंड, दवाखान्यातलं. वय फक्त सात. दाढेवर तपकिरी किटण चढलंय, दगडासारखं. हिरडीच्या कडेनं लाल रेघ. डॉक्टरांनी बारीक सळई हिरडीखाली सरकवली, बघा किती खोल गेली.

माझ्या आधीच्या कुत्रीचं तोंड मी नऊ वर्षं कधी उघडून पाहिलं नव्हतं. तोंडाला वास यायचा. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं मी समजत होते. तो वास आजाराचा असतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि म्हणूनच ही फिल्म करायला घेतली.

लहान जातींच्याच वाट्याला हे जास्त का येतं? ग्रेट डेनच्या तोंडात 42 दात असतात. दीड किलोच्या चिहुआहुआच्या तोंडातही 42च. जबडा आटला, पण त्या मानानं दात आटले नाहीत. मग ते दाटीवाटीनं उभे राहतात, तिरके होतात, एकमेकांवर चढतात, आणि प्रत्येक फटीत अन्न अडकतं. दातांवर पहिला चिकट थर बसायला काही तास पुरतात. दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचं किटण होतं, आणि मग ते ब्रशनं निघत नाही. दोन-तीन दिवस. ब्रश रोज का करायचा, याचं उत्तर तेवढंच आहे.

(दृश्य : ताईंच्या मांडीवर पिल्लू.)

आता हे सगळं सावकाश बघा.

पहिले तीन दिवस ब्रश नाही, पेस्टही नाही. नुसता हात. पिल्लू पेंगुळलेलं असतानाची वेळ ताईंनी निवडली आहे. गालावर बोट फिरतं, ओठाच्या कडेशी येतं, ओठ जरासा वर होतो, लगेच खाली, आणि एक खाऊचा कण. बस्स. पिल्लानं मान फिरवली की बोट मागे. मागे घेतलेलं हे बोट मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पिल्लाला कळतं की नको म्हटलं तर ऐकतात, आणि मग त्याला नको म्हणायची गरज वाटेनाशी होते.

चौथ्या दिवशी बोटाला ओलं, मऊ सुती कापड. तेच बोट, तोच गाल, आता ओठाच्या आत. पुढचे दात, मग सुळे. तोंड उघडायचं नाही. जबडा मिटलेलाच राहू द्यायचा आणि ओठाखालून बोट मागे सरकवायचं. तोंड उघडायला गेलात की झटापट सुरू.

दुसरा आठवडा. बोटावर कुत्र्यांसाठीची पेस्ट, फक्त चाटायला. माणसांची पेस्ट इथे चालत नाही. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते. माणसाला त्यानं काही होत नाही, पण कुत्र्याच्या अंगात त्यानं इन्सुलिन भसकन सुटतं आणि साखर कोसळते. ज्या पिल्लाची साखर राखायला आपण रात्रीचा चौथा वाडगा भरतो, त्याच्याच बाबतीत हे.

तिसऱ्या आठवड्यात ब्रश. मऊ केसांचा, अगदी छोट्या डोक्याचा. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तो तिरका टेकलेला आहे, आणि बारीक गोल गोल फिरतोय. ताई मनात आकडे मोजतायत, एका बाजूला 30. फक्त बाहेरची बाजू. आतली बाजू जीभ बरीचशी सांभाळून घेते. आणि ही वरची मोठी दाढ नीट लक्षात ठेवा. तिच्या समोरच गालात लाळेची नळी उघडते, म्हणून किटण पहिल्यांदा धरतं ते इथे. ब्रश तिथवर पोहोचला नाही तर बाकीची मेहनत अर्धी वाया.

हाडं, शिंगं, खूर चघळायला देऊन दात साफ होतात, असं पुष्कळांना वाटतं. नखानं दाबून बघा. नखाचा वळ उठत नसेल, तर ती वस्तू दाताला हरवणार. तीच मोठी दाढ उभी चिरते.

(दृश्य : दवाखाना. लसीकरण.)

ही लस घेतानाची वेळ. सुई टोचली गेली आणि पिल्लानं वळूनही पाहिलं नाही, कारण त्याचं सगळं चित्त बोटावरच्या पेस्टवर आहे. पार्व्हो, डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांवरच्या आणि त्यांच्या सोबतीच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी 16 आठवड्यांपर्यंत पुन्हा द्याव्या लागतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती कधी ओसरते हे बाहेरून दिसत नाही, आणि ती अंगात असेपर्यंत लस नीट धरत नाही. शेवटचा डोस म्हणूनच चुकवायचा नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. लस झाली की अर्धा तास दवाखान्यातच थांबा. लहान अंगाच्या कुत्र्यांत तोंड सुजणं, उलटी होणं थोडं जास्त आढळतं. जंताचं औषध मात्र वजनावर मोजून. इथेही तो काटाच कामी येतो.

(दृश्य : सोफ्यावरून उडी, मंद गतीत.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लावलेलं नाही. कॅमेरा चालू होता आणि पिल्लानं उडी घेतली. मंद गतीत बघा. सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो. हे हाड पेन्सिलपेक्षा बारीक आहे आणि मनगटाजवळ त्याला रक्तपुरवठाही कमी. तिथे मोडलं तर लवकर सांधत नाही. त्या दिवसापासून सोफ्याला पायरी आली, गुळगुळीत फरशीवर सतरंजी आली, आणि मुलांनी पिल्लाला घ्यायचं ते जमिनीवर बसूनच. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली.

आणि ही चाल. अंगणात दुसरं एक पिल्लू पळतंय. चार पाय, चार पाय, मग मागचा एक उचलून दोन उड्या, आणि पुन्हा चार पाय. बघणाऱ्याला लाडिक वाटतं. गुडघ्याची वाटी खाचेतून सटकून परत बसतेय. डॉक्टरांना दाखवा, आणि वजन वाढू देऊ नका.

गळ्यात नुसती नावाची पट्टी. दोरी अडकवली आहे छातीच्या हार्नेसला. श्वासनलिका इंग्रजी सी अक्षरासारख्या कूर्चांच्या कड्यांनी उघडी राहते. या जातींत त्या कड्या आधीच मऊ पडण्याचा कल असतो. पट्ट्याला हिसका बसत राहिला की खोकला सुरू होतो, हंस ओरडावा तसा.

खाणं मोजून द्यायचं, कितीही लाडकं असलं तरी. 48 लॅब्राडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना 25 टक्के कमी खाणं दिलं, ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. जात मोठी होती, पण बरगड्यांवरून हात फिरवून बघायचा नियम इथेही तोच. बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत, डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत.

(दृश्य : गादीवर सापडलेला दात.)

साडेचार महिने. सकाळी गादी झटकताना ताईंच्या हाताला हा लागला. तांदळाच्या दाण्याएवढा. दुधाचे दात 28 असतात, आणि बहुतेक दात पिल्लं गिळूनच टाकतात. हा सापडला हे आमचं नशीब.

इथून पुढे दोन महिने तोंड आठवड्यातून एकदा तरी उजेडात बघायचं. हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हा ब्रश हलका, किंवा पुन्हा कापड. आणि बघायचं ते एकच, की एका जागी दोन दात उभे आहेत का. लहान जातींत दुधाचा सुळा पुष्कळदा जागा सोडत नाही. खालचा पक्का सुळा मग आतल्या बाजूला उगवतो आणि टाळूत रुतू लागतो. दोन दातांच्या मधल्या फटीत केस, अन्न, सगळं साठतं. न काढलेल्या अशा दातांपासून सुरू झालेलं दुखणं या एक्स-रेपर्यंत पोहोचतं. हाड खाल्लं गेलंय, आणि कुत्र्यानं फक्त चेंडू तोंडात धरला तेव्हा जबडा मोडला.

(दृश्य : दवाखाना. पिल्लू, आता सहा महिन्यांचं.)

वजन 2 किलो 100 ग्रॅम. डॉक्टर ओठ वर करतायत, आणि पिल्लू स्वतःहून मान तिरकी करून देतंय. कुणी धरलेलं नाही. पुढचे दात बदललेत. दाढा आल्यात. खालचे दोन्ही सुळे नीट. वर उजवीकडे ठीक. वर डावीकडे, बघा, नव्या सुळ्याच्या मागे तो बारीक, टोकदार जुना अजून उभाच आहे.

"नसबंदीला भूल देणारच आहोत," डॉक्टर म्हणतात, "तेव्हाच काढून टाकू. मूळ लांब असतं, तुटू न देता काढावं लागेल. तोवर ब्रश चालू ठेवा ताई."

मंगळवार ठरला आहे. कॅलेंडरवर आता वजनं लिहिलेली नाहीत. रोजच्या चौकोनात एक छोटी खूण आहे, रात्रीच्या ब्रशची. थोरलीची वेगळी, पिल्लाची वेगळी. मंगळवारच्या चौकोनात ताईंनी एका सुळ्याचं चित्र काढून ठेवलंय.