उपचारातल्या चुका नेमक्या कुठे होतात

नमस्कार श्रोतेहो.

उपचारांनंतर रुग्णाची तब्येत बिघडली, म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणाच, असं नसतं. सगळं नीट करूनही रुग्ण दगावू शकतो. निष्काळजीपणा ठरायला दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: त्या परिस्थितीत त्या शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरनं घेतली असती ती काळजी घेतली गेली नाही, आणि नुकसान त्याच कारणानं झालं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, उपचार घेणाऱ्या दर १० रुग्णांमागे सुमारे एकाला इजा होते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्यासारख्या असतात. या इजांची मुळं बऱ्याचदा एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना सापडतात.

औषधांचंच घ्या. '१.०' असं लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, की डोस दहापट होतो. इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसतं 'यू' हे इंग्रजी अक्षर लिहिलं, तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. एवढ्या इन्सुलिननं साखर इतकी उतरते, की रुग्ण बेशुद्ध होतो, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा आणि पूर्णांकापुढे टिंब-शून्य द्यायचंच नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं, कारण डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०. जुनी बाटली संपली, नवी जास्त ताकदीची आली आणि 'नेहमीचे ५ मिली' दिले, तर डोस दुपटीहून जास्त झाला. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून मागा आणि मोजायला घरातला चमचा घेऊ नका.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं, तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा गर, दबते, पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. त्याच्या चिठ्ठीवर वार लिहिलेलाच हवा.

शस्त्रक्रियेत चुकीची बाजू उघडली जाणं किंवा पोटात गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीदार कापड, राहणं, हे ऐकायला अशक्य वाटतं, पण घडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये यासाठी तपासणी यादी आणली. तिचे टप्पे ३: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी, आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. रुग्ण जागा असतानाच सर्जननं शस्त्रक्रियेच्या जागेवर खूण करायची. ती केली नसेल, तर विचारा. गॉजची मोजणी तातडीच्या किंवा लांबलेल्या शस्त्रक्रियेत आणि मध्येच कर्मचारी बदलले की चुकते. गॉजमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा असतो. हिशेब जुळत नसेल, तर तिथेच एक्स-रे काढतात. तरीही गॉज राहिलाच, तर काही दिवसांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनीही ताप, दुखणं किंवा पू घेऊन तो समोर येतो.

निदानाच्या चुका मात्र शांतपणे होतात. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. मधुमेही रुग्णाच्या छातीत कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो. अशा वेळी थोड्या वेळानं पुन्हा ईसीजी आणि काही तासांच्या अंतरानं ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी, रक्ततपासणी लागते. ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवणं इथे महागात पडतं.

बायॉप्सीचा, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट बहुधा डिस्चार्जनंतर येतो आणि कधी कधी कुणी न पाहताच फाइलला लागतो. 'काही असेल तर आम्ही कळवू' यावर थांबू नका. रिपोर्ट कोणत्या तारखेला येईल आणि कोण सांगेल, हे निघतानाच लिहून घ्या.

शंका आलीच, तर आधी कागद मागा: केस पेपर, परिचारिकांचा औषध तक्ता, भूल नोंद, संमतीपत्र आणि स्कॅनच्या मूळ प्रती. घडलेलं सगळं तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. दिलेल्या औषधांच्या स्ट्रिप आणि बाटल्या फेकू नका. मग त्याच शाखेच्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना हे कागद दाखवा. नोंदीत योग्य रीतीनं केलेली दुरुस्ती ओळखू येते: मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी सही, तारीख आणि वेळ. खाडाखोड किंवा पांढरी शाई दिसली, तर ते पान कुठलं, हे टिपून ठेवा.