‘बाय गम’ ते ‘ब्लायमी’: इंग्रजी बोलींमध्ये दडलेला देव

नमस्कार मंडळी!

‘ई, बाय गम!’ यॉर्कशायर-लँकाशायरकडच्या माणसाची नक्कल करायची असली, की बाकीचं इंग्लंड हमखास हा उद्गार काढतं. यातला ‘गम’ म्हणजे डिंक नाही आणि हिरडीही नाही. तो ‘गॉड’ आहे. मुद्दाम बिघडवलेला.

मुद्दाम का? बायबलच्या दहा आज्ञांपैकी एक सांगते, देवाचं नाव व्यर्थ घेऊ नका. आपल्याकडे ठेच लागल्यावर ‘अरे देवा’ म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. तिथे मात्र ते पाप. पण चकित झालेला, चिडलेला माणूस गप्प थोडाच बसतो? त्याने पहिलं अक्षर राखलं आणि पुढचं वळवून टाकलं.

ही भीती नुसती मनातली नव्हती. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने कायदाच केला: रंगमंचावर थट्टेत किंवा अवमानाने देवाचं नाव घेतलं, तर दर वेळी १० पौंड दंड! शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त याची खूण दिसते. १६२२च्या छापील प्रतीत ‘झाउंड्स’ आहे, म्हणजे ‘गॉड्स वूंड्स’, देवाच्या जखमा. १६२३च्या त्याच्या नाटकांच्या संग्रहात अशा शपथा गाळलेल्या आहेत.

आता लंडनच्या ईस्ट एंडमध्ये या. कॉकनी, म्हणजे तिथली बोली बोलणारा माणूस म्हणतो ‘गॉर ब्लायमी!’ मूळ वाक्य ‘गॉड ब्लाइंड मी’, देवा, मला आंधळा कर. अंगावर काटा येतो ना? ‘खोटं बोलत असेन तर जीभ झडो’ म्हणतात, तशीच ही स्वतःवर ओढवून घेतलेली शपथ. झिजत झिजत तिचं नुसतं ‘ब्लायमी’ झालं, आणि आज बस चुकली तरी ते तोंडातून निघतं. मला या सगळ्यांत हाच उद्गार सर्वांत आवडतो, कारण इतकी भयंकर शपथ इतकी निरुपद्रवी होऊन बसली. ‘स्ट्रुथ’ही त्याच घरातला, ‘गॉड्स ट्रुथ’मधून आलेला. तो ऑस्ट्रेलियात जाऊन चांगलाच रुजला.

आयर्लंडचं ‘बिगोरा’ म्हणजे ‘बाय गॉड’. स्कॉटलंडच्या ‘क्रिव्हन्स’मध्ये ‘क्राइस्ट’ डोकावतो. डंडीच्या प्रकाशकांच्या ‘संडे पोस्ट’मध्ये १९३६पासून छापून येणाऱ्या ‘ऊर वुली’ या चित्रमालिकेतल्या खोडकर पोराने हा उद्गार घराघरांत पोचवला.

प्रत्येक उद्गारात देव शोधू नका हं! न्यूकॅसलचं ‘हाउवे’ म्हणजे साधं ‘चला रे!’ शेजारच्या संडरलंडमध्ये तेच ‘हावे’, आणि कोणता उच्चार खरा यावरून दोन्ही गावांचे फुटबॉलवेडे आजही हमरीतुमरीवर येतात.

असे बोलींतले शब्द जपणाऱ्या माणसाबद्दल सांगायलाच हवं. जोसेफ राइट, जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. लहानपणी दगडखाणीत गाढवं हाकली, मग सॉल्टेअरच्या गिरणीत राबला. पंधराव्या वर्षापर्यंत वाचताही येत नव्हतं. पुढे हाच माणूस ऑक्सफर्डमध्ये भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश छापून पूर्ण केला. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध म्हणत, तीच त्याची मायबोली होती. ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुक विद्यापीठाने हा कोश आता इंटरनेटवर आणलाय. एखादा उद्गार त्यात शोधा आणि काय सापडलं ते खाली कमेंटमध्ये लिहा.