पावलांनी मोजलेलं घर

बालीतलं घर रस्त्यावरून दिसत नाही. दिसते ती भिंत, आणि भिंतीत माणूस जेमतेम आत जाईल एवढा दरवाजा, अंकुल-अंकुल. आत शिरलं की समोर पुन्हा एक आडवी भिंत. वाईट शक्ती सरळ रेषेतच चालतात, त्यांना वळता येत नाही, अशी इथली श्रद्धा. आपण वळसा घालून पुढे येतो.

आणि मग हे अंगण. नाताह. चारी बाजूंना सुटे सुटे मंडप, त्यांना म्हणतात बाले. उत्तरेच्या बंदिस्त बालेत घरातली वडीलधारी. पूर्वेचा मंडप संस्कारांचा: लग्न इथे, दात कानशीने सारखे करण्याचा विधी इथे, आणि शेवटी पार्थिवही इथेच ठेवतात. दक्षिणेला चूल. ईशान्येला कुळाचं देवस्थान, कारण डोंगराची बाजू पवित्र आणि दक्षिण बालीत गुनुंग आगुंग हा पवित्र डोंगर उत्तरेकडे आहे. पलीकडे, बेटाच्या उत्तरेला, बुलेलेंगच्या किनाऱ्यावर डोंगर दक्षिणेला येतो, तिथे अख्खं घरच फिरतं.

आता या पावलांकडे नीट बघा.

घराची मापं घरमालकाच्या अंगावरून निघतात. पसरलेल्या हातांची वाव. कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात. अंगठा वर धरलेली मूठ. उंडागी, म्हणजे इथला स्थपती, सुतार आणि थोडा पुरोहितही, या खुणा बांबूच्या काठीवर करतो. दोन मंडपांमधलं अंतर मात्र टाचेला अंगठा लावत, पावलांनी. प्रत्येक पावलाला नाव आहे: श्री, इंद्र, गुरू, यम, रुद्र, ब्रह्मा, काल, उमा. मग पुन्हा श्री. स्वयंपाकघराची मोजणी ब्रह्मावर यावी लागते, बालीत तो अग्नीचा देव. धान्याच्या कोठाराची श्रीवर. शेवटी एक पाऊल आडवं ठेवतात, त्याने मापात जीव येतो.

म्हणून एका कुटुंबाचं माप दुसऱ्याला चालत नाही. जपायला हवं ते हेच, असं आम्हाला मनापासून वाटतं. कोरीव दरवाजे तर हॉटेलांनाही मिळतात.

खांब उभा करताना झाडाचं बूड खालीच हवं, उलटा खांब चालत नाही. छपराखाली लावलेलं हे मंत्राक्षरांचं पांढरं कापड मेलास्पास विधीचं. तो झाला की वास्तू सजीव. बाळाची वारही नारळात घालून याच आवारात पुरतात: मुलाची दाराच्या उजवीकडे, मुलीची डावीकडे.

पर्यटनाने दक्षिणेत जमिनी महागल्या, भाताची शेतं गेली, वाटण्यांमध्ये अंगणांवर खोल्या चढल्या.

तरीही सिमेंटचं घर बांधताना पुष्कळ कुटुंबं आधी उंडागीला बोलावतात, आणि काँक्रीटच्या खांबांमधलं अंतरसुद्धा त्याच्या बांबूच्या काठीवरूनच ठरतं.