छपरावर बसला होतात की आत?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मॉडेल रेल्वेबद्दल, आणि रेल्वेपेक्षाही जास्त तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाबद्दल. प्रदर्शनात टेबलावर रूळ, डोंगर, स्टेशन, सिग्नल सगळं मांडलेलं असतं, गाडी गोल फिरत असते आणि मागे एक जण मान खाली घालून कंट्रोलर फिरवत असतो. समोर माणसं येतात, बघतात, जातात. हा त्यांच्याशी काय बोलतो? बऱ्याचदा काहीच नाही, आणि बोललाच तर थेट स्केल, गेज, व्होल्ट. मला सांगायचंय ते एवढंच, की आधी विचारा, मग सांगा. रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही म्हणून परत म्हणतो, आधी विचारा, मग सांगा.

आता आपण ग्वाल्हेरचे, आपल्याला हे खरं तर कुणी शिकवायला नको. जयविलास पॅलेसमधली जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल, घरी पाहुणे आले की आपण त्यांना तीच दाखवायला नेतो. ती गाडी काय करायची, जेवण झालं की दारू आणि सिगार घेऊन टेबलभर फिरायची, पाहुण्यानं आपल्यासमोरची बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे चालायला लागायची. म्हणजे पाहुण्यासमोर थांबणारी गाडी! कुठल्याही प्रदर्शनवाल्यानं तिच्याकडून एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ झालं. जर्मनीत हँबुर्गला २००१ पासून मिनिआटूर वुंडरलांड नावाचं अवाढव्य मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आहे, तिथंही जागोजागी बटणं ठेवलीत, बघायला आलेल्यानं बटण दाबायचं आणि समोर काहीतरी हलायला लागतं, एका बटणावर तर छोट्याशा कारखान्यातून खरोखरचं चॉकलेट बाहेर येतं. पुण्याला कोथरूडच्या बाजूला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, पुण्याला लग्नाकार्याला गेलात तर साड्यांच्या दुकानात एक तास कमी घालवा आणि मुलांना घेऊन तिकडे जा, असं माझं अगदी मनापासूनचं मत आहे.

बरं, आता मी तुम्हाला काकूंची गोष्ट सांगतो.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी पोरांनी देखावा म्हणून आपली छोटी लाइन केली. इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं, फार गुणी. चालवायचं काम त्यांचं आणि बोलायचं माझं, अशी वाटणी. छोटी लाइन म्हणजे काय हे ग्वाल्हेरात सांगायला नको, दोन फुटी रूळ, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ज्याला गेज म्हणतात, ते दोन फूट, १९०९ ला श्योपूरपर्यंत पोचलेली, जवळजवळ २०० किलोमीटर, आणि २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा थांबली ती थांबलीच, आता तिथं ब्रॉडगेज होतंय. पोरांनी वाटेतली स्टेशनं केली होती, मोतीझील केलं होतं, सुमावली केलं होतं, जौरा केलं होतं, निळं डिझेल इंजिन, मागे चार डबे, बाजूला किल्ल्याचा कडा थर्माकोलचा. सुंदर काम. टेबलाच्या कडेला लॅमिनेट केलेला तक्ता, त्यात स्केल १:७६, म्हणजे खऱ्याचा शहात्तरावा भाग, रूळ ९ मिलीमीटर वगैरे सगळं बारीक अक्षरात. आता लॅमिनेशनवर ट्यूबलाइट अशी चमकते की एक अक्षर वाचता येत नाही, तक्ता लावायचाच तर साध्या कागदावर आणि मोठ्या अक्षरात लावा, हे मी देवळांच्या ट्रस्टवाल्यांनाही सांगत असतो.

तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या आधी एक काकू आल्या, सत्तरीच्या पुढच्या, सून बरोबर. दर्शन झालं, प्रसाद घेतला आणि जाता जाता टेबलापाशी थांबल्या. सून म्हणते आई चला, आई हलेनात. कंट्रोलरवरच्या पोरानं बघितलं की कुणीतरी थांबलंय, तो लगेच सुरू झाला, काकू हे ओओ-नाइन आहे, खरे रूळ ६१० मिलीमीटर, त्याचे ह्या स्केलला ८ होतात पण बाजारात ९ मिळतात म्हणून... काकू म्हणाल्या, "ते राहू दे रे बाळा. तुझी गाडी एवढी भागतेय कशाला?"

पोरगा गप्प. मी म्हटलं, काकू, तुम्ही बसला होतात का हिच्यात?

बस, एवढंच विचारलं. मंडळी, त्यानंतर आरती सुरू झाली, आरती संपली, मंत्रपुष्पांजली झाली, तरी काकू बोलतच होत्या. त्यांचे यजमान कैलारसला मास्तर होते, दिवाळीला आणि मे महिन्यात लश्करला यायचं ते ह्याच गाडीनं, पत्र्याची ट्रंक, दोन मुलं, पाण्याची सुरई, आणि सुरई फुटू नये म्हणून ती मांडीवर घेऊन बसायचं. सकाळी ग्वाल्हेर सोडलं की श्योपूरवाल्यांना पोचायला संध्याकाळ. चालत्या गाडीतून पोरं उतरायची, पळायची, परत चढायची, गाडी त्यांना सोडून पुढे जाऊच शकायची नाही. म्हणून काकूंचं म्हणणं, "ही भागतेय, म्हणजे ही आपली नव्हेच."

त्या रात्री पोरांनी हिशोब केला. खरी गाडी ताशी २० किलोमीटर धरली तर १:७६ ला सेकंदाला साधारण ७ सेंटीमीटर होतात. म्हणजे आठ फुटी टेबल ओलांडायला अर्धा मिनिट लागायला पाहिजे! पोरं ती मुलांना पळती गाडी आवडते म्हणून दहा सेकंदात नेत होती. दुसऱ्या दिवसापासून हळू केली, आणि गंमत बघा, गर्दी जास्त थांबायला लागली, कारण सावकाश गाडी डोळ्यात मावते, माणूस डबे मोजतो, खिडक्या बघतो.

दुसऱ्या दिवशी काकू परत. ह्या वेळी चष्मा लावून आल्या. वेग पास झाला. मग म्हणाल्या, छपरावर कुणीच कसं नाही? आता छोट्या लाइनच्या छपरावर माणसं नाहीत म्हणजे काय राहिलं तिच्यात, हे मलाही पटलं. पोरगा म्हणाला, काकू, इंजिन हलकं आहे, वजन ओढत नाही. काकू म्हणाल्या, अरे, तेही ओढत नव्हतं, तरी जात होतं. पोरांकडे प्लॅस्टिकची बिनरंगाची बोटाच्या पेरापेक्षा लहान माणसं होती पाकीटभर. काकूंना खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्या रंग सांगायला बसल्या. ह्याचा गमछा लाल कर, हिचं लुगडं हिरवं, एवढा पांढरा शर्ट कुणाचा राहत नाही रे छपरावर, जरा मळव त्याला, आणि खिडकीला दुधाचे कॅन लटकव. पोरांनी वायरच्या तुकड्यांचे कॅन केले. दुसऱ्या मजल्यासारखी दिसायला लागली गाडी, छप्पर गच्च, आणि इंजिननं ओढलंही. चढावर जरा घसरायचं, तेव्हा काकू खूश व्हायच्या, आता बरोबर आहे म्हणायच्या.

आणि मग विसर्जनापर्यंत काकू रोज. टेबलाच्या कोपऱ्याला खुर्ची, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "छपरावर बसला होतात की आत?" मी बोलायला ठेवलेला माणूस, मला काही कामच राहिलं नाही, मी खुर्च्या लावत होतो. बंदोबस्ताला आलेला हवालदार, तो ह्याच लाइनवरच्या सबलगढचा निघाला, म्हणाला, "अम्मा, छत पर, और बिना टिकट." दोन आजोबांचं भांडण लागलं की भजी सुमावलीची चांगली की जौऱ्याची, त्या दोघांची त्याआधी ओळखही नव्हती, ते तिसऱ्या दिवशी एकत्र आले. एक लहान मुलगी म्हणाली, ही खरी गाडी आता कुठेय? काकू म्हणाल्या, मोठी होतेय ती, मोठी लाइन होतेय तिची, तोपर्यंत इथं बघ. मध्ये मंडळाचा लाउडस्पीकर एवढा मोठा केला कुणीतरी की काकूंचा आवाज ऐकू येईना, मी स्वतः जाऊन कमी केला. गणपतीला कानठळ्या नको असतात, गणपतीला आरती ऐकू आली म्हणजे झालं, आणि हे मी दरवर्षी सांगणार.

ह्याच ओघात आणखी एक सांगतो, विषय थोडा बाजूला जातोय पण राहवत नाही. इंदूरकडे महूजवळ पातालपाणी ते कालाकुंड मीटरगेजचा तुकडा ठेवून तिथं हेरिटेज गाडी चालवतात. तसा आपला एक छोटासा तुकडा, ग्वाल्हेर ते मोतीझील जरी राहिला असता, तर काकूंसारख्या लोकांना टेबलासमोर उभं राहावं लागलं नसतं. ब्रॉडगेज हवीच, श्योपूरच्या माणसाला दवाखान्यात लवकर पोचायला हवं, त्याबद्दल वाद नाही. पण तुकडा ठेवायला हवा होता.

आता वेळ थोडा राहिलाय, तर ज्यांना येत्या गणपतीत किंवा मेळ्यात असं काही मांडायचंय त्यांच्यासाठी भराभर. एक माणूस चालवायला, दुसरा बोलायला, एकानं दोन्ही करू नये, कारण बोलता बोलता गाडी फलाटावरून पुढे जाते आणि चालवता चालवता माणूस समोरून निघून जातो. बोलणाऱ्यानं टेबलाच्या मागे लपू नये, पुढे यावं, लोकांच्या बाजूला उभं राहावं, म्हणजे दोघंही एकाच दिशेला बघतात. गाडी शक्यतो थांबू देऊ नका, आणि रुळावरून उतरली तर मुकाट्यानं उचलून ठेवण्यापेक्षा मोठ्यानं सांगा की उतरली, आता कशी चढवतो बघा, लोकांना ते फार आवडतं.

टेबलाची उंची. मोठ्यांच्या छातीला येईल अशी ठेवली तर डोळ्यासमोर गाडी येते आणि फार खरी वाटते, पण मग लहान मुलांना फक्त टेबलाची फळी दिसते. दोन बळकट स्टूल ठेवा, स्वयंपाकघरातले डगमगणारे नकोत. मुलं हात लावणारच, त्यांच्या अंगावर ओरडू नका, एक जुना डबा वेगळा ठेवा, हा घे, हा हातात घेऊन बघ म्हणा, मग ते रुळाला हात लावत नाही. आणि मुलांना शोधायला काहीतरी द्या, ह्यात एक माकड छपरावर बसलंय, एक बकरी फलाटावर आहे, सापडली का बघ. मूल पाच मिनिटं हलत नाही आणि त्याची आई तेवढा वेळ निवांत उभी राहते.

किती खर्च आला, किती दिवस लागले, हे दोन प्रश्न सगळे विचारणार, शंभर वेळा विचारणार. शंभराव्या माणसालाही पहिल्यासारखंच उत्तर द्या, त्यानं पहिल्यांदाच विचारलेलं असतं. आणि उत्तर दिलं की लगेच तुम्ही विचारा, तुमच्या गावाला कुठली गाडी जायची? आधी विचारा, मग सांगा. स्केल विचारणारा येईलच, तो स्वतःहून विचारेल, त्याला सगळं सांगा, ९ मिलीमीटर, १२ व्होल्ट, सगळं. बाकीच्यांना खुर्ची द्या.