दमलेला पाय

फिजिओथेरपी विभागातल्या या दांड्यांना धरून चालणाऱ्या काकांचा डावा पाय नीट पाहा. सुरुवातीची पावलं बरी पडतात. मग पंजा खाली लोंबतो, बोटं फरशीला घासतात, आणि पाय पुढे टाकण्यासाठी काका तो कमरेतून बाहेरच्या बाजूने फिरवून आणतात. थोड्या वेळात गुडघा डगमगतो. मागे उभा असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, आत्ता तर नीट चालत होतात. कंटाळा करू नका."

काका कंटाळा करत नाहीत. हे त्यांच्या घरच्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं.

अर्धांगाचा झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. हालचालीचे हुकूम नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून लुळा पडला डावा पाय. पायाच्या स्नायूला थेट इजा झालेली नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणारा हुकूम मात्र क्षीण झाला आहे. निरोगी माणसाचे काही स्नायूतंतू दमले, की मेंदू आणखी तंतू कामाला लावतो. काकांच्या मेंदूला ही जादा कुमक सहजी मागवता येत नाही.

हे प्रयोगशाळेत दाखवता येतं. रुग्णाला खुर्चीवर बसवून गुडघा पूर्ण जोराने ताणायला सांगतात आणि त्याच क्षणी मांडीच्या स्नायूला विजेचा छोटा झटका देतात. जोर एकदम वाढला, तर त्याचा अर्थ सरळ आहे: स्नायूत ताकद शिल्लक होती, पण माणसाने जीव तोडून प्रयत्न करूनही ती बाहेर आली नाही. अशा माणसाला 'अजून जोर लावा' म्हणणं किती अन्यायाचं आहे!

पुढच्या महिन्यांत स्नायूही बदलतो. तो बारीक होतो, त्यात चरबी साठते, आणि लवकर दमणाऱ्या तंतूंचं प्रमाण वाढतं. बसून राहिल्याने चांगला पायही अशक्त होतो. त्यात पाय फिरवून टाकायला शक्ती जास्त लागते. त्यामुळे दम दोन ठिकाणी लागतो, हुकमातही आणि स्नायूतही.

म्हणूनच तपासणीच्या खोलीतली चार पावलं फसवी असतात. सहा मिनिटं चालवून पाहिलं, की खरा पाय दिसतो. सेकंदाला साधारण ०.८ मीटरचा वेग टिकला, तर माणूस बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो, असं मानतात. ०.४ मीटरच्या खाली वावर बहुधा घरापुरताच उरतो.

नुसत्या मालिशने ही ताकद परत येत नाही. फिजिओच्या देखरेखीखाली वजन लावून व्यायाम, खुर्चीतून उठ-बस, रोजचं चालणं आणि मधे ठरवून घेतलेली विश्रांती, हे सगळं लागतं. वजनाच्या व्यायामाने पाय आणखी ताठरेल ही भीती जुनी आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. लोंबणारा पंजा उचलून धरायला घोट्याचा स्प्लिंट मिळतो. विजेच्या झटक्याने पंजा उचलण्याचा प्रयोग तर १९६१ सालीच झाला होता.

घरच्यांनी एक नोंद ठेवावी: किती चालल्यावर पाय ओढायला लागतो, आणि सकाळी किती, संध्याकाळी किती. फिजिओला ती दाखवा.

आणि अचानक पाय गेला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ही दमणूक समजून वाट पाहू नका. तो नवा झटका असू शकतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. लगेच रुग्णालय गाठा.